अंगवळणी कसं पडतं? सायकल, पोहणं, भाकरी आणि मल्लखांब शिकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

उन्हाळी शिबिरात मी बरीच वर्षं मुलांना पोहायला आणि सायकल चालवायला शिकवतो, दोरीवर चढवतो. अलीकडे मुलांच्या आया आणि आजोबाही येतात. प्रश्न तेच ते असतात आणि नेमके मी पाण्यात असताना विचारले जातात. म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

‘हात बसला’, ‘अंगवळणी पडलं’ असं आपण म्हणतो. हे वळण पडतं कुठे? स्नायूंत?

स्नायू फक्त हुकूम पाळतात. हुकूम केव्हा, किती जोराने आणि कोणत्या क्रमाने सोडायचा, हे मेंदूत आणि मज्जारज्जूत बसतं. यात डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूचा वाटा मोठा असतो. नाव ‘लहान’, पण मेंदूतल्या निम्म्याहून अधिक चेतापेशी एकट्या त्याच्यात आहेत. हात कुठे पोहोचायला हवा होता आणि प्रत्यक्षात कुठे पोहोचला, यातला फरक टिपून पुढचा हुकूम दुरुस्त करणं हे त्याचं एक मुख्य काम. म्हणजे चूक हा त्याचा खुराक आहे. हे लक्षात ठेवा, खालच्या निम्म्या उत्तरांत ते पुन्हा येणार आहे.

शरीराची आठवण वेगळ्या कप्प्यात असते, हे कळलं ते अमेरिकेतल्या हेन्री मोलायसन यांच्यामुळे. अपस्माराच्या उपचारासाठी १९५३ साली त्यांच्या मेंदूचा काही भाग काढला आणि त्यानंतर त्यांना नवं काही आठवेनासं झालं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीच्या कडेकडेने रेघ काढायला दिली. हे काम फार अवघड असतं, घरी करून बघा. तीन दिवसांत त्यांच्या चुका भराभर कमी झाल्या. गंमत अशी, की हे काम आपण आधी कधी केलंय हेच त्यांना आठवत नव्हतं. हात शिकला होता, माणसाला पत्ता नव्हता.

नवीन काही शिकताना सुरुवातीला इतकं थकायला का होतं?

कारण सगळा कारभार डोकं चालवत असतं. पहिल्यांदा भाकरी थापणाऱ्या माणसाकडे बघा. पीठ किती मळायचं, पाणी किती गरम, तळहाताचा दाब किती, फिरवायची कधी… एकेक गोष्ट मनात म्हणत तो चालतो, खांदे कानापर्यंत चढलेले असतात आणि भाकरीचा नकाशा होतो. पॉल फिट्स आणि मायकेल पॉझ्नर यांनी १९६७ साली याचे तीन टप्पे मांडले. आधी विचार करून करणं, मग चुका कमी होत हालचाली एकमेकींना जोडल्या जाणं, आणि शेवटी विचाराविना होणं. तिसऱ्या टप्प्यावरची आजी भाकरी थापता थापता भांडणही करते, आणि दोन्हींत कमी पडत नाही.

टप्पे असे कप्पेबंद नसतात, हे मात्र मी माझ्या अनुभवावरून सांगेन. पिठाचा डबा बदलला की आजीसुद्धा दोन भाकऱ्यांपुरती पहिल्या टप्प्यावर येते.

बाळ अजून चालत नाही. वॉकर घेऊ का?

नको. बसायचा चाकाचा वॉकर मूल लवकर चालावं म्हणून घेतात, पण त्याने ते लवकर चालत नाही. उलट पायरीवरून, उंबऱ्यावरून घरंगळण्याचा धोका असतो. कॅनडाने तर २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. त्यात बसलेल्या मुलाला तोल सांभाळावाच लागत नाही, आणि चालणं म्हणजे मुख्यतः तोल सांभाळणं.

आपल्याकडचा जुना पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल बसत नाही, मागे उभं राहून ढकलतं. वजन स्वतःच्या पायांवर, जोर स्वतःचा, आणि गाडा जास्त पुढे पळाला की आपटायचंही स्वतःच. तो हवाच असं नाही, पण त्याची रचना निदान योग्य दिशेची आहे. देणारच असाल तर नजर ठेवा आणि चाकं फार हलकी फिरत नाहीत ना ते बघा.

आता काळजीबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतली निरोगी मुलं पाहिली. आधाराविना चालायला लागण्याचा काळ सुमारे ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला दिसला. म्हणजे शेजारचा बंड्या दहाव्या महिन्यात चालला आणि तुमची चिऊ पंधराव्यात, तरी दोघंही ठीकच. त्याच पाहणीत चार टक्क्यांहून थोडी जास्त मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. अठरा महिने उलटूनही चालत नसेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा, वाट बघत बसू नका.

आणि पडण्याची धास्ती घेऊ नका. कॅरन अॅडॉल्फ यांनी न्यूयॉर्कमध्ये १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची पावलं मोजली. खेळताना एका तासात सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं! इतक्यांदा आपटूनही ‘मला जमत नाही’ म्हणून बसून राहिलेलं मूल मी तरी पाहिलेलं नाही. ती अक्कल आपल्याला नंतर येते.

चालणं ठरलेल्या वेळी आपोआप येतं ना? मग त्यात ‘शिकणं’ काय?

असंच बरीच वर्षं मानलं जात होतं. नवजात बाळाला उभं धरून तळवे टेकवले की ते पावलं टाकल्यासारखं करतं, आणि दोनेक महिन्यांनी हे थांबतं. मेंदू पक्व होताना ही क्रिया दाबून टाकतो, असं त्यावर स्पष्टीकरण होतं. १९८०च्या दशकात एस्थर थेलन यांनी अशा बाळांना छातीपर्यंत पाण्यात धरलं, आणि ‘हरवलेली’ पावलं परत आली. पाय गुबगुबीत झाले होते, ते उचलण्याइतकी ताकद अजून आली नव्हती, आणि पाण्याने वजन उचललं, इतकीच भानगड. हालचाल मेंदू, अंगाचं वजन आणि भोवतालची जागा यांनी मिळून घडते.

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण मी हे वाचल्यापासून जरा जपून वापरतो. अंगणाचाही त्यात हात असतो.

सायकलला बाजूची आधाराची चाकं लावू की नको?

लावू नका. लावली असतील तर काढा.

दुचाकी उभी राहते ती हँडलमुळे. ज्या बाजूला पडतोय त्याच बाजूला हँडल किंचित वळवलं की चाकं परत अंगाखाली येतात. हे सतत, नकळत करत राहणं म्हणजे सायकल चालवणं. बाजूची चाकं सायकलला कलूच देत नाहीत, त्यामुळे ही गोष्ट शिकायची वेळच येत नाही. मूल पायडल मारायला शिकतं, जे तसंही अर्ध्या तासाचं काम आहे. मग चाकं काढतात तेव्हा शिक्षण पहिल्यापासून सुरू.

त्यापेक्षा पायडल काढून टाका आणि सीट इतकी खाली घ्या की दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतील. मूल पायांनी ढकलत जाईल, मग पाय उचलून चार फूट, दहा फूट तरंगेल. उतार असेल तर फार हलका. तरंगणं जमलं की पायडल परत लावा.

आमच्या पिढीला हे कोणी सांगितलं नव्हतं, पण आम्ही तेच करत होतो. तासावर भाड्याने आणलेली मोठ्यांची काळी सायकल, सीटपर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच नाही. आधी एका पायडलवर उभं राहून दुसऱ्या पायाने जमीन ढकलत जायचं. नंतर दांड्याखालून पाय घालून कैची. अंग एकीकडे, सायकल दुसरीकडे, अशा वाकड्या अवस्थेत तोल आधी आला आणि सीट सहा महिन्यांनी. गुडघ्यांवरचे डाग अजून आहेत.

पोहायला भोपळा, ट्यूब चालेल का?

चालेल, पण ती सुटण्याची सोय पहिल्या दिवसापासून करा. मदतीची अडचण अशी, की ती फार दिवस टिकली तर शरीर तिला धरूनच हिशोब बसवतं. मला विहिरीत काकांनी शिकवलं. कमरेला दोर आणि पाठीवर दोन वाळलेले भोपळे. आठवड्याभराने एकच भोपळा, मग त्याहून लहान. एक दिवस त्यांनी भोपळा बांधल्यासारखं केलं आणि बांधलाच नाही. (हे शेवटचं तुम्ही करू नका. काका काठावर धोतर खोचून तयार उभे होते. विहीर असो की तलाव, पोहता येणारा मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवाच.) कुठे वाळके भोपळे, कुठे पांगाऱ्याचं हलकं लाकूड, कुठे बूच लावलेला रिकामा डबा. सगळीकडे रीत एकच होती, आधार हळूहळू कमी करत जाण्याची.

एकच गोष्ट शंभरदा घोटावी की आलटून पालटून करावी?

मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ते याच प्रश्नावर, कारण इथे आमचीच शिकवणारी मंडळी फसतात.

एकच फटका शंभरदा मारला तर पन्नासाव्या फटक्यापर्यंत तो सुरेख दिसायला लागतो. मूल खूश, पालक खूश, सरांची फी वसूल. दोन दिवसांनी परत बघा, सुरेखपणा उडालेला असतो. त्या दिवशीचा सराव किती छान दिसला आणि किती शिकणं टिकलं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, कधीकधी तर एकमेकींच्या उलट. १९७९ साली जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी लोकांना हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवल्या. एका गटाने एकेक हालचाल पुरी घोटली, दुसऱ्याने तिन्ही मिसळून केल्या. सराव चालू असताना दुसरा गट रडतखडत होता. दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा तोच पुढे होता.

मुलांवरचा एक प्रयोग याहून साधा आहे. आठ वर्षांच्या मुलांना जमिनीवरच्या निशाणावर छोट्या पिशव्या टाकायच्या होत्या. एका गटाने कायम ३ फुटांवरून सराव केला. दुसऱ्याने २ आणि ४ फुटांवरून, ३ फुटांवरून कधीच नाही. परीक्षा ३ फुटांची. सरस ठरला तो दुसरा गट. हे कर आणि बूथ या संशोधकांचं १९७८ सालचं काम. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छापताना गट उलटे झाले असावेत असं वाटलं होतं.

कारण शोधायचं तर मॉस्कोला जावं लागेल. १९२०च्या दशकात निकोलाय बर्नस्टाइन यांनी तिथे कसबी कामगारांच्या अंगावर छोटे दिवे लावून छिन्नीवर हातोडा मारतानाची छायाचित्रं घेतली. अपेक्षा अशी, की मुरलेल्या कामगाराचा हात दरवेळी तंतोतंत एकाच वाटेने जाईल. हातोड्याचं तोंड बरोबर तिथेच पडत होतं, पण खांदा, कोपर, मनगट यांच्या वाटा दरवेळी थोड्या बदलत होत्या. एक सांधा चुकला की दुसरा भरून काढत होता. मुरलेला माणूस एकच उत्तर पाठ करत नाही, दरवेळी गणित नव्याने सोडवतो. बर्नस्टाइन याला ‘पुनरावृत्तीविना पुनरावृत्ती’ म्हणत.

आपल्याकडचं उदाहरण शिवाजी पार्कचं. रमाकांत आचरेकर सर लहानग्या सचिन तेंडुलकरला स्कूटरवर बसवून या मैदानावरून त्या मैदानावर सामने खेळायला नेत. वेगळी खेळपट्टी, वेगळे गोलंदाज, वेगळी उसळी. नेटमधला सराव होताच, शेवटी स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवून बाद न होण्याची पैजही होती. नाण्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. माझ्या मते स्कूटरची गोष्ट जास्त महत्त्वाची.

अगदी पहिल्या दोन-तीन दिवशी मात्र मिसळ करू नका. मल्लखांबावर ज्याला अढीच (पायांचा खांबाला विळखा) घालता येत नाही त्याला दसरंगासारख्या पुढच्या प्रकाराची घाई कशाला? हालचालीचा ढोबळ आकार आला, की मग बदल सुरू.

रोज किती वेळ सराव?

थोडा आणि रोज. ब्रिटिश टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना १९७८ सालच्या एका प्रसिद्ध पाहणीत रोज १ तास शिकणारे आणि रोज ४ तास शिकणारे यांची तुलना झाली. १ तासवाल्यांना एकूण तास कमी लागले. पण सर्वांत नाराज तेच होते, कारण दिवस जास्त लागत होते! रविवारी चार तास आणि मग आठवडाभर सुट्टी, हा सर्वांत वाईट हिशोब. मधल्या झोपेतही मेंदू हे काम पुढे नेतो, म्हणून परीक्षेसारखी रात्र जागून पोहण्याची तयारी होत नाही.

चुकलं की लगेच सांगायचं ना?

दरवेळी नाही. कॅरोलिन विन्स्टाइन आणि रिचर्ड श्मिट यांच्या १९९० सालच्या प्रयोगात ज्यांना प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला त्यांच्यापेक्षा, ज्यांना निम्म्याच वेळा सांगितला त्यांनी नंतर ते जास्त टिकवलं. सतत सांगणारा बाजूला असला की शिकणारा स्वतःच्या अंगाकडे लक्ष देणं सोडतो. मी पूर्वी काठावरून अखंड ओरडायचो. आता दहा हात मारून झाले की विचारतो, “काय वाटलं?” उत्तर बहुतेक वेळा बरोबर असतं. ओरडत नाही म्हणून एका पालकांनी ‘सर लक्ष देत नाहीत’ अशी तक्रार केली होती. असो.

पालकांनी काठावर उभं राहून सूचना देणं मात्र पूर्ण बंद ठेवावं ही विनंती. चहाची टपरी फाटकाबाहेरच आहे.

मग सांगायचं ते कसं?

अवयवाबद्दल कमी, परिणामाबद्दल जास्त. गाब्रिएले वुल्फ यांनी १९९८ साली स्कीइंगच्या एका यंत्रावर लोकांना शिकवलं. पायांकडे लक्ष द्यायला सांगितलेल्यांपेक्षा पायाखालच्या फळीच्या चाकांकडे लक्ष द्यायला सांगितलेले सरस ठरले. तेव्हापासून अनेक खेळांत हेच दिसलं आहे. म्हणून ‘गुडघा वाकव, मांडी घट्ट कर’ यापेक्षा ‘खांब आवळ’. ‘कोपर वर घे’ यापेक्षा ‘पाणी मागे ढकल’. जुने वस्ताद दोन शब्दांच्या वर बोलत नसत, ते मला आता पटतं.

स्पर्धेत ऐन वेळी हातपाय का आखडतात?

अंगवळणी पडलेली गोष्ट पुन्हा डोक्याच्या ताब्यात गेल्यामुळे. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करून बघा, अडखळाल. स्पर्धेच्या सकाळी नवी सूचना देणारा प्रशिक्षक हा शत्रूपक्षाचा माणूस समजावा.

व्हिडिओ बघून शिकता येतं?

अर्धं. बघून आकार कळतो, क्रम कळतो. दाब, वजन, ताण कळत नाही. परदेशातल्या माझ्या भाचीने भाकरीचे खूप व्हिडिओ पाहिले, भाकरी तरी परातीतून उचलताना तुटायचीच. आजी व्हिडिओ कॉलवर आली आणि म्हणाली, “आधी पीठ दाब आणि कानाची पाळी दाब, सारखं लागतंय का सांग.” कोणत्याही व्हिडिओत ते नव्हतं. उस्तादांचा व्हिडिओ एकदा बघा आणि आपल्यासारख्याच धडपडणाऱ्याचा दोनदा. चूक होताना आणि सुधारताना दिसते ती त्यातच.

मनातल्या मनात केलेला सरावही उपयोगाचा आहे, हे कोणी विचारत नाही तरी सांगतो. १९९५ सालच्या एका प्रयोगात पियानोची पाच बोटांची एक धून लोकांनी पाच दिवस फक्त मनात वाजवली. मेंदूचा बोटं हलवणारा भाग खरोखर वाजवणाऱ्यांसारखाच बदललेला दिसला. वाजवणं मात्र प्रत्यक्ष सराव करणाऱ्यांचंच जास्त सुधारलं. बसमध्ये खिडकीशी बसून करायला उत्तम.

दहा हजार तास लागतात म्हणे?

नाही. तो आकडा १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, बर्लिनच्या व्हायोलिनवादकांच्या पाहणीतला. सर्वांत सरस गटाने विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या एकट्याने सरावाची ती सरासरी होती. सरासरीच्या खाली असलेले पण उत्तम वाजवणारे त्याच गटात होते. सायकलसाठी दहा तास पुष्कळ झाले.

माझं वय ५२. आता जमेल का?

जमेल. वेळ जास्त लागेल आणि पडणं महागात जाईल, एवढंच. २००४ साली जर्मनीत तरुणांना तीन चेंडू एकावेळी झेलत राहायला शिकवलं आणि तीन महिन्यांत मेंदूच्या काही भागांतला करडा पदार्थ (चेतापेशींनी भरलेला थर) वाढलेला दिसला. पुढे साठीच्या आसपासच्या लोकांवर तोच प्रयोग केला. तरुणांइतक्या जणांना ते जमलं नाही, पण मेंदूतले बदल त्यांच्यातही दिसले. मोठ्यांची खरी अडचण मला वेगळीच दिसते. त्यांना लोकांसमोर वाईट दिसायचं नसतं. म्हणून प्रौढांची बॅच मी पहाटे साडेपाचला ठेवली आहे. त्या वेळी बघायला फक्त बगळे असतात.

मुलगा सारखा धडपडतो, बटणं लावता येत नाहीत, अक्षर वाचवत नाही. आळशी आहे का?

हा शब्द आधी टाकून द्या. शाळकरी मुलांपैकी सुमारे ५ ते ६ टक्के मुलांना हालचालींच्या समन्वयाची खरीखुरी अडचण असते. बुद्धी चांगली असते, नजर ठीक असते, तरी चेंडू झेलणं, बूट बांधणं, लिहिणं वयाच्या मानाने फार मागे राहतं. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. व्यवसायोपचार तज्ज्ञ अशा मुलांना नेमकं जे जमत नाही तेच काम छोट्या टप्प्यांत शिकवतात आणि फरक पडतो. शिबिरात आणताना मला आधी सांगा, चारचौघांत नको. डावखुरा असेल तर तो दोष नाही, चमचा उजव्या हातात कोंबू नका.

शिबिर २१ दिवसांचं आहे. तेवढ्यात पोहायला येईल?

बहुतेक मुलांना पाण्यात पडल्यावर वर येणं, श्वास घेणं आणि काठ गाठणं एवढं येतं. सुबक हात मारणं पुढच्या वर्षी. कोणी आठव्या दिवशी तरंगतं, कोणी अठराव्या, आणि त्यावरून पुढचं काही ठरत नाही.

शेवटच्या दिवशी सगळे व्हिडिओ काढतात, काढा. पण शिबिर संपल्यावर पंधरा दिवसांनी येणाऱ्या रविवारी सकाळी सात वाजता मुलाला परत घेऊन या. मधल्या काळात पाण्यात गेला नसला तरी चालेल, किंबहुना नसलाच तर बरं. काय टिकलंय ते त्या दिवशी बघू. त्याची फी नाही. जास्तीचा टॉवेल आणा, तोवर पाऊस सुरू झालेला असतो.